अर्जाची फी

मागे मागे चालत होता तो मुलगा, आम्हाला कॉलेज दाखवताना,
एकदाही न अडखळता. तू त्याच्याकडे पाहत होतीस, मारित,
आणि मी छपरांकडे.
डुलुथमध्ये बर्फ उपसणाऱ्या माणसाला
दुसरं काय दिसणार?
तांब्याची होती. खरंखुरं तांबं.

वाचनालयात कुणीतरी लॅपटॉप उघडा टाकून
जेवायला गेलं होतं.
"बाबा, अर्धा तास झाला, कुणी हातसुद्धा लावला नाही."
वर्षाला एकाहत्तर हजार डॉलर;
त्यात हा विश्वास धरलेला असतो की वेगळा,
ते विचारायचं राहूनच गेलं.

घराजवळच्या कॉलेजात पाचला पार्किंग रिकामं.
वसतिगृह नाही, हिरवळ नाही,
कुणी कुणासाठी थांबत नाही.
फक्त कँटीनमधली ती बाई, ओल्या हातांनी
मनगटातली हाडं पाठ करत होती.
सातव्यावर अडली, तेव्हा
नाव तू सांगितलंस.
परतताना गाडीत त्याबद्दल अक्षर काढलं नाहीस.

आज टेबलावर यादी.
एका अर्जाला पंच्याहत्तर डॉलर,
नुसतं दार वाजवायचे.
तांब्याच्या छपरांवर तू काट मारलीयस,
पेन्सिलीने, अगदी हलकी.
माझा पगार तुला कुणी सांगितला?

पहाटे चारला गाडी काढायचीय,
रात्रभर पडतंय बाहेर.
मी खोडरबर शोधतोय.
तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात सापडला एक,
जुना, दगडासारखा.
खोडतो कमी,
कागद काळा करतो जास्त.