थिराचं तळघर

थिराचं मनगट मोडलंय, म्हणून यंदा एल्डर मी खुडतोय.
ती कुंपणापाशी खुर्चीत, हात गळ्यात बांधलेला,
जीभ मात्र मोकळी.

"आधी विचार."
"कुणाला?"
"झाडाला. म्हातारी राहते त्यात.
माझा नाही विश्वास. तरी विचार."
फ्यून बेटावरचा सप्टेंबर,
शेजाऱ्याच्या कुत्र्यादेखत
टोपी काढून झाडाशी पुटपुटणारा जावई.

ओट्यावर काळ्या घोसांचा ढीग.
काटा घेऊन विंचरायचे, गुंता काढावा तसे.
मणी भांड्यात, देठ बादलीत.
एखादं हिरवं राहिलं, पान राहिलं,
की चष्म्यावरून नजर येते.
एक फळ नुसतं ओठांपर्यंत नेलं तर
बोटांवर लाकडी डाव बसला.
"कच्चं नाही! रात्रभर ओकशील,
आणि लेक माझी मला धरेल."

अर्धा तास रटरटू दिलं, खिडकी उघडी टाकून.
माझी नखं जांभळी, तिचा पांढरा टेबलक्लॉथही;
त्याबद्दल अजून बोलणं झालेलं नाही.
मग निवणं. मग मध, तिच्याच पेट्यांतला, लिंडनचा,
चमच्यावरून उतरायला तयार नसलेला.
मग यीस्ट. त्याआधी सगळं धुणं,
बरणी, नळी, गाळणी, पुन्हा बरणी.
"तुझे हात? पुन्हा."

तळघराच्या छतात रुतलीय
हिरव्या काचेची एक चीप.
चौऱ्याऐंशी साल, एवढंच म्हणते ती.
पालेला नाताळची घाई होती,
आंबणं थांबायच्या आत त्याने बुचं ठोकली.
त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत
सासरे एका बाजूनेच उभे आहेत.
लग्नात मला वाटलं होतं, ऐट.

"मापक बुडव. आकडा लिही.
तीन आठवडे तोच आकडा आला, तर बाटली.
नाहीतर नाही."
पहिल्या आठवड्याचा लिहिला.
दुसऱ्याचा जवळजवळ तोच.
जवळजवळ.

रात्री रिकाम्या बाटल्यांची पेटी घेऊन
पाय न वाजवता खाली उतरलो.
अंधारात कुणीतरी होतं.
थिरा, झग्यावर पाल्येचा जुना कोट,
बांधलेला हात पोटाशी,
बरणीच्या काचेला कान लावून.
नळीत एक बुडबुडा आला. गेला.
खूप वेळाने दुसरा.

"अजून बोलतंय," ती म्हणाली,
पेटीकडे न बघता.

मी वर जाऊन बाटल्या परत कपाटात लावल्या,
एकेक, आवाज न करता.