पेरू

"फाल्यां पेरू भाजतां, यो गो बाये,"
कुंपणापलीकडून कुस्तोदियो म्हणाला,
आणि मी वेंगुर्ल्याची, कुडतरीत नवी मास्तरीण,
वाटीत तिखट-मीठ कालवून घेऊन गेले.

परसातल्या टेबलावर तो होता.
पिसं काढलेला, मान नसलेला, पाच किलोंचा,
पोटात चोरीस, शिळा पाव, मनुका.
चवथीपासून रोज पहाटे ज्याची गुळगुळ ऐकत होते,
माझी लाल ओढणी दोरीवर दिसली
की जो फुगून अंगावर यायचा, तो.
इथे त्यालाच पेरू म्हणतात.
मी वाटी पाठीमागे धरली.
एर्मेलिंदने ती पाहिली. बोलली नाही काही.

एरवी नाताळला तो पदेराच्या भट्टीत जायचा,
पाव निघून गेल्यावरच्या उरल्या धगीत,
दहा घरांचे दहा पक्षी एका रांगेत,
ज्याच्या त्याच्या पायाला वेगळ्या रंगाची सुतळी.
यंदा भट्टीच्या तोंडात विटा आहेत.
पदेराचा मुलगा लिस्बनला
कुठल्याशा गोदामात खोकी उचलतो.

म्हणून मग कुस्तोदियोने,
तीस वर्षं जहाजाच्या पोटात बॉयलर राखलेल्या माणसाने,
जमिनीत एक खुंटा ठोकला.
भोवती फुटकी कौलं मांडली.
खुंट्यावर पक्षी बसवला, ताठ,
न्हाव्यासमोर बसवावं पोराला तसा.
आणि वरून पालथं घातलं न्हाणीतलं पिंप,
ज्याच्या पाण्याने या घरातल्या
दोन बाळंतिणी न्हाल्या, आणि एक मयत.

खाली जाळ कधी घालणार, मी विचारलं.
खाली जाळ नाहीच.
करवंट्यांचे निखारे त्याने फावड्याने ओतले
पिंपाच्या बुडावर, जे आता माथा होतं,
आणि काठाभोवती गोल, कंबरपट्ट्यासारखे.
"आग डोक्यावर बरी," म्हणाला,
"पायाखाली असली की माणूस चिडका होतो.
मला विचार."

मग दोन तास.
आणि उघडायचं नाही.
माझी आई झाकण उचलते, एक शीत चिमटीत दाबते,
तिला भाताचं सगळं कळतं.
इथे चिमटीत घ्यायला काही नव्हतं.
राख उडायची. निखारा डोळा उघडायचा, मिटायचा.
कुत्रं हवाच चाटत होतं.
एर्मेलिंद दर दहा मिनिटांनी पायरीवर यायची.
"करपला असणार."
"ना."
"कच्चा असणार."
"ना."
"रेनातो असता तर उघडून बघितलं असतं त्याने."
यावर तो निखारे सारखे करत राहिला,
सारखेच होते तरी.

गेल्या आठवड्यात त्यांनी स्विंडनला फोन लावून
पक्ष्याचा आवाज ऐकवला होता मुलाला.
तो हसला म्हणे खूप.
मग म्हणाला, सुट्टी नाही.

ओल्या गोणपाटाने दोघांनी पिंप उचललं.
वाऱ्याच्या बाजूने तो काळपट,
दुसऱ्या बाजूने काजूच्या बोंडासारखा,
आणि तंगडी ओढली तर न विचारताच हातात आली.
मधला खुंटा आतून ओला, न जळलेला.
लाकूड कसलं हे?
त्याने विहिरीकडे बोट केलं, छाटलेल्या फांदीकडे.
माझ्या भाषेतला पेरू.

"ती वाटी हाड," एर्मेलिंद म्हणाली.
आणि चिमूटभर नाही, मूठभर घेतलं तिने,
पक्ष्यावर असं भुरभुरलं
जसं आम्ही शाळेच्या फाटकाशी
चार आण्यांच्या फोडीवर.

पिंप दुसऱ्या दिवशी परत न्हाणीत गेलं.
नव्या वर्षाच्या मीसला निघताना कुस्तोदियो कुरकुरत होता,
दोनदा साबण लावून आंघोळ केली,
तरी हे कुत्रं
इगर्जीच्या पायऱ्यांपर्यंत मागे येतंय.