डाव्या गुडघ्याचा दिवस

रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही.
हामरफेस्टला डिसेंबरात
रात्र कुठे संपते, कोण सांगणार?

नाव? तोर्लैफ. जन्मतारीख?
चौथ्यांदा तेच.
पोलीसही एवढं खोदून विचारत नाहीत.

कवळी डबीत. डबीवर नाव.
अंगठी निघेना, साबण लावला तरी.
नर्सनं वर चिकटपट्टी गुंडाळली:
असू दे, येऊ दे तुमच्या गुनवोरलाही आत.

डाव्या गुडघ्यावर शाईचा बाण.
उजवा उगाच ओशाळलेला.

छतावरचे दिवे मागे पळतात.
"दहापासून उलटे मोजा."
जन्मभर कॉड सुलटेच मोजले त्यानं.
दहा, नऊ, आठ...
जाळं हातातून सुटलं.

"झालं. आता नाव सांगा बरं."

कोरड्या जिभेनं
तो होडीचं नाव सांगतो.