धुण्याच्या खोलीतून

आमच्या जर्सीचा रंग बिटाचा.
साखर कारखाना होता तेव्हा ठरलेला.
कारखाना गेला, रंग राहिला,
आणि नव्या जर्सीच्या पहिल्या धुण्याला अजून पाणी लाल होतं.
एकतीस वर्षं मी ते पाणी ओततेय
बांधाच्या अलीकडे, जिथून पो नदी दिसत नाही,
नुसती ऐकू येते;
धुकं दाटलं की तेही नाही.

खोलीला खिडकी एकच, तीही जमिनीलगत.
तिच्यातून मैदानाचा कोपरा, निशाण,
आणि एर्मेते बेर्गांतिनचे बूट.
प्रशिक्षक झाल्यापासून तो तिथेच उभा असतो,
भार डाव्या पायावर. उजवा गुडघा
दक्षिणेतल्या कुठल्याशा टणक मैदानावर ठेवून आला.

सतरा मोसम, अकरा क्लब.
गोल किती, पोरं विचारतात.
"तीन. त्यातला एक आपल्याच जाळ्यात."
तो हसत नाही, म्हणून मग आम्हीच हसतो.

त्याचं काम चेंडू हिसकावण्याचं,
आणि ज्याला खेळता येतं त्याला देऊन टाकण्याचं.
असल्यांचं नाव स्टँडमधून कुणी ओरडत नाही.
पण मोजे हातात आले असते, तर मला कळलं असतं
किती धावला ते. मोजे खोटं बोलत नाहीत.

सेरी आ मध्ये तो सात मिनिटं होता.
डिसेंबर. संघ तीन गोलांनी मागे. कुणीतरी लंगडत बाहेर आलं.
एक थ्रो-इन त्याच्या हातून झाला.
पायाला चेंडू लागला, असं तो म्हणतो.
टीव्हीवर तेव्हा तिसरा गोल पुन्हा दाखवत होते.

त्या वर्षीच्या स्टिकरांच्या वहीत मात्र तो आहे.
माझ्या भावाने, फिओरेन्सोने, ती वही जपली होती.
तेच कान, तोच नाकाचा वाक,
आणि खाली नाव दुसऱ्याचं. जन्मगावही दुसऱ्याचं.
त्याच्या आईने म्हणे आठ पाकिटं विकत घेतली,
एखाद्यात तरी बरोबर निघेल म्हणून.

शनिवारी संध्याकाळी तो खाली येतो.
"मशीन लाव, दिर्चे," म्हणतो.
मशीन लावण्याइतके कपडे नसतात. तरी लावते.
त्या घरघरीत, भिंतीकडे तोंड करून, तो पुटपुटतो:
न्दाव. न्दाव. अं नाही, नुसतं न. न्दाव.
कुर्तिशी, एन्द्रित. चेबोतारु.
बावीस पोरं, बावीस नावं,
मायबाप हाक मारतात तशी जमेपर्यंत.
मी साबण मोजत बसते. मला काही ऐकू येत नाही.

गेल्या रविवारी दोन-शून्यने हरलो.
न्दाव शेवटी उतरला, चारेक मिनिटं असतील.
नंतर जर्सी घेऊन दारात उभा. नवी कोरी,
घडीची रेघसुद्धा मोडलेली नव्हती.
"मळलीच नाही," म्हणाला, खाली बघत.
माझ्या मागे एर्मेते होता, ओल्या टॉवेलाने गुडघा बांधत.
"धू," एवढंच म्हणाला.

धुतली. वेगळी, हाताने.
पाणी लाल झालंच.