सांधा

ओकुनासेला दोन रूळ भेटतात.
एक समुद्राकडून येतो, तारांखालून, तालात.
दुसरा डोंगरातून, एकाच डब्याचा,
बोगद्याबाहेर आला की आधी खोकतो.
भेट अकरा मिनिटांची असायची.
मार्चात नवं वेळापत्रक लागलं,
तेव्हापासून चार.

चार मिनिटांत सोबाचा वाडगा संपत नाही
हे वेळापत्रक आखणाऱ्याला कोण सांगणार?
फलाटाच्या टोकाला फुसाएबाईंचा ठेला,
सहा माणसं उभी राहतील एवढी फळी,
कोपरांनी झिजून मधे खोलगट.
पहिल्या आठवड्यात अर्धे वाडगे परत आले.
त्या प्रत्येकात डोकावल्या. बोलल्या काहीच नाहीत.
मग शेवया बोगद्याच्या घंटेआधी पाण्यात पडू लागल्या,
कांद्याची पात आणखी बारीक झाली,
आणि रस्सा जरा लवकर उतरू लागला,
पोरांची तोंडं भाजू नयेत म्हणून.
शाळेची पोरं दोन पायांत दप्तर धरून
भुरके मारतात नि पळतात.
आभार कुणी मानले नाहीत. कळलंच नाही कुणाला.

उकळता रस्सा फक्त कुरामोचींना.
ते इथे सांधेवाले होते, एकतीस वर्षं.
आता सांधा शहरातल्या कुठल्याशा खोलीतून सरकतो. खट्.
फळीपाशी उभे राहून ते तो आवाज ऐकतात
आणि मान हलवतात, चूक नाही म्हणून.
गुडघ्यांसाठी शहरात दवाखान्याची वेळ घेतलेली,
तीही तिसऱ्यांदा चुकली.
‘गाडी गेली,’ फुसाएबाई म्हणतात.
‘दिसली.’
‘आणि गुडघे?’
‘तिथूनच दाबू दे की कुणीतरी कळ.’
पुढची गाडी दोन तास दहा मिनिटांनी.

जानेवारीत एका सकाळी खट् झालंच नाही.
सांध्यात बर्फ. दोन्ही गाड्या उभ्या,
शहरातल्या पडद्यावर म्हणे लाल ठिपका.
नवा पोरगा, मोरिहिसा, टोपी सावरत धावत आला.
फुसाएबाईंनी शेवयांचं उकळतं पाणी किटलीत ओतलं,
न विचारता.
कुरामोची फळीपासून हलले नाहीत.
चॉपस्टिकने हवेत दाखवत राहिले:
‘टोकापाशी नको. मागे. अजून मागे.
हां, आता थोडं थांब. लोखंडाला वेळ लागतो.’
त्याला वाफेत काही दिसत नव्हतं,
पण आवाज पोहोचत होता.

खट्.

गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली.
सगळ्यांचे वाडगे तळापर्यंत रिकामे झाले,
एका पोराने तर दुसरा मागितला.
रस्सा मात्र चार मिनिटांच्या हिशेबाचा होता,
शेवटी शेवटी अगदी गार.
फुसाएबाईंना तेवढंच लागून राहिलं दिवसभर.
सांगायला कुरामोची नव्हते.
गडबडीत कुणीतरी हात दिला होता,
आणि ते गाडीत चढले होते.