मागची बाजू

काळा घोड्याच्या त्या थंडगार दालनात
चितळे बाईंनी विचारलं, काय दिसतं?
शर्विल म्हणाला, एकाकीपण.
बाई खूश.
मला दिसली तंबोरा टेकून बसलेली कुणी पाठमोरी
आणि फ्रेमचा डावा कोपरा,
एक सूत उघडा.

बाबांनी असा सोडला नसता.
काळबादेवीत, जिन्याखालच्या दुकानात
ते जगप्रसिद्ध चित्रं पालथी घालतात,
पाठीला खाकी कागद डकवतात,
ओठांत धरलेल्या चुका
एकेक काढून ठोकतात.
सूर्यफुलं, घोंगावणारे तारे, ती गूढ हसणारी,
सगळ्यांना मी आधी मागून ओळखते.

सहामाहीत पाच मार्कांना आलं :
कवितेतून कवीला काय सुचवायचं आहे?
मी लिहिलं,
ते समोरून दिसतंच की.
मला कविता पालथी करून बघायचीय.
कुठला शब्द कशावर ठोकलाय,
तार केवढं वजन पेलते,
आणि कागदाखाली कुणी
पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव लिहिलंय का.

पाचपैकी दीड.
लाल गोलाखाली बाईंचं बारीक अक्षर :
"बाबांना विचार,
तोंडात चुका धरून बोलता येतं का?"

विचारलं.
"हं," म्हणाले बाबा,
ओठ न उघडता.