व्हॉल्व्हचा खड्डा

दर आठव्या दिवशी मी खड्ड्यात उतरतो,
चावी फिरवतो साडेसात फेरे,
आणि येलदरीचं पाणी गावात शिरतं.
बायका म्हणतात, लतीफभाईनं पाणी सोडलं.
जसं काही माझ्याच घरचं होतं.

त्या आठवड्यात आधी सुतारगल्लीतलं पोरगं आडवं झालं,
मग भीमनगरातल्या तिघी,
मग माझ्या मेहुण्याचं लेकरू.
डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली
तर सोडल्यावरही तशीच उभी.
तांदळाच्या धुवणासारखं सगळं बाहेर.

कुणी म्हणालं, लग्नातली बुंदी.
कुणी म्हणालं, मरीआईपुढचा निंब तोडला, त्याचं आहे.
मी म्हणालो, ऊन लई हाय.
उन्हावर ढकललं की कुणाला राग येत नाही.

जिंतूरहून सुकेशनी आली, लॅबवाली.
नळाचं पाणी तिनं बाटलीत धरलं, बूच लावलं,
म्हणाली, उबेला ठेवा, हलवू नका.
सकाळी बाटली काळी.
तव्याच्या बुडासारखी काळी.

"सात दिवस पाणी बंद असतं, तेव्हा पाइपात काय असतं?"
काही नाही, मी म्हणालो.
"रिकामा पाइप ओढून घेतो, भाई.
बाजूला जे साचलं असेल, ते."

बाजूला गटार होतं.
अकरा वर्षं मी त्यातच गुडघाभर उभा राहिलो,
गळक्या जोडाला सायकलची ट्यूब मीच बांधली होती,
आवळून, तीन वेढे.
सरपंचानं तेव्हा शाबासकी दिली होती.

जंतू दिसतो का, मी विचारलं.
"इथं नाही. परभणीला, भिंगाखाली.
स्वल्पविरामासारखा असतो, जरा वाकडा."
शाळेत मी स्वल्पविराम कधीच दिला नाही.
गुरुजी पाठीत घालायचे, म्हणायचे,
एवढ्याशानं काय होतं ते कळंल कधीतरी.

मेहुण्याचं लेकरू वाचलं,
मीठ-साखरेच्या पाण्यावर, चमच्या-चमच्यानं, रात्रभर.
सुतारगल्लीतलं नाही.
त्याच्या बापाला मी अजून सांगितलेलं नाही
ट्यूब कुणी बांधली ते.

खड्डा आता सिमेंटचा आहे, कोरडा.
टाकीत पावडर मी स्वतः कालवतो,
डोळ्यांतून पाणी येतं.
परवा गल्लीतून आवाज आला:
लतीफभाई, पाण्याला कसला वास येतोय? काय टाकलंय यात?

अकरा वर्षांत
पहिल्यांदा कुणी विचारलं.